डोलीचे नुकसान नाही

मी एक जुनी डोली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डोली पाहिलेली नसेल, म्हणून आधी तेवढे सांगते. एक खुर्ची घ्या. तिच्या दोन्ही अंगांना एकेक लांब दांडी बसवा. दांड्यांची चार टोके चार माणसांच्या खांद्यांवर द्या. झाली डोली. जिथे गाडी चढत नाही आणि घोड्याचा पाय घसरतो, तिथे एका माणसाला वर न्यायला चार माणसे लागत. त्या चौघांना डोलीवाले म्हणत.

सध्या माझा मुक्काम टेकडीवरच्या किल्ल्यात आहे. किल्ल्याचे आता संग्रहालय झाले आहे. तिकीट काढून आत आलात, तोफांचे आवार ओलांडलेत आणि उजवीकडच्या तिसऱ्या खोलीत शिरलात, की लाल दोरीमागे मी दिसेन. माझ्यासमोर एक पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'बाईसाहेबांची डोली. उत्कृष्ट लाकूडकाम. सुस्थितीत.' मित्रांनो, यात खोटे असे काहीच नाही. तरीही ती पाटी वाचून लोक पुढे निघून जातात, तेव्हा मला वाईट वाटते. का, ते आज सांगते.

हा किल्ला परक्यांनी बांधला. ते समुद्रावरून आले, त्यांनी खालचे गाव ताब्यात घेतले आणि टेकडीवर भिंती उभ्या केल्या. बहुतेक तोफांची तोंडे समुद्राकडे होती. दोन तोफांची मात्र गावाकडे होती, आणि त्या दोन कशासाठी आहेत हे गावाला न सांगता कळत असे. गावापासून किल्ल्यापर्यंत आठशे अकरा पायऱ्या. त्या टेकडीला वळसा घालत चढायच्या. वर जाताना उजव्या हाताला कातळ आणि डाव्या हाताला कायम दरी. वाटेत दम खायला नऊ विसावे बांधलेले होते. सैनिक पायी चढत आणि सामान हमालांच्या पाठीवर चढे. पण किल्ल्याच्या मोठ्या साहेबांची बायको, म्हणजे बाईसाहेब, यांना एवढे चढणे झेपेना. म्हणून गावातल्या सुताराला निरोप गेला.

सुतार म्हातारा होता आणि तोंडाचा फटकळ होता. किल्ल्यावरच्या मजुरांवर देखरेख करणारा मुकादम त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "बाईसाहेबांचं माप आणलंय. लिहून घे."

सुतार म्हणाला, "ते ठेव तुझ्यापाशी. बसणारा काय, कशातही बसतो. उचलणारी माणसं आण."

दुसऱ्या दिवशी चार डोलीवाले त्याच्या अंगणात ओळीने उभे राहिले. त्यांतले दोघे सख्खे भाऊ होते. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणत. बाकीच्या दोघांतला एक ताडमाड उंच, तो लंबू. दुसऱ्याचे तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचे, तो बडबड्या. सुताराने सुतळी घेऊन प्रत्येकाची जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची मोजली आणि गाठी मारल्या. धाकट्यापाशी येऊन तो थांबला. धाकटा बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटका होता.

"हा कशाला आणलास? डोली कलंडेल ना," सुतार म्हणाला.

थोरला म्हणाला, "काका, त्याच्यासारखा पक्का पाय गावात दुसऱ्या कुणाचा नाही. दरीच्या बाजूला, मागे, मला तोच हवा."

सुताराने धाकट्याच्या पायांकडे पाहिले. मग मान डोलावली. "बरं. देवानं उंची द्यायला हात आखडता घेतला, तर मी देतो."

आणि खरेच त्याने दिली. माझ्या डाव्या दांडीच्या मागच्या टोकाखाली त्याने एक जाड ठोकळा बसवला आणि धाकट्याच्या खांद्याला बरोबर बसेल अशी त्याला खोबण कोरली. चारही टोकांना कापूस भरून चामड्याच्या गाद्या शिवल्या. बाईसाहेबांसाठी पाठीवर वेलबुट्टीही कोरली, पण ती त्याने शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकली. पाटीवर ज्या 'उत्कृष्ट लाकूडकामा'चे कौतुक आहे, ते त्या वेलबुट्टीचे आहे. ठोकळ्याकडे कोणी पाहत नाही.

अशी मी कामाला लागले. आठवड्यातून दोनदा-तीनदा बाईसाहेब गावात उतरत आणि परत चढत. कधी पाहुणे येत. बोटीवरून आलेले एक जाडजूड साहेब माझ्यात बसले तेव्हा माझ्या बैठकीचा विणलेला वेत कर्रकन वाजला. बडबड्या हळूच म्हणाला, "हे एकटे नाहीत रे. आत अजून एक जण आहे." साहेबांना भाषा कळत नव्हती. ते हसणाऱ्या चौघांकडे पाहून स्वतःही हसले आणि वर पोहोचेपर्यंत हसतच राहिले.

एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. डोली उचलली, की मागच्या दोघांना पुढचे काही दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीची पाठ असते. पाय कुठे पडतो आहे ते पुढच्या दोघांनी ओरडून सांगायचे असते. पुढे थोरला आणि लंबू असत. थोरला हाक द्यायचा, "पायरी उंच!" आणि मागून दोघे म्हणायचे, "पाहिली!" थोरला म्हणायचा, "डावीकडे खड्डा!" मागून उत्तर यायचे, "पाहिला!" त्यांनी काहीही पाहिलेले नसायचे. थोरल्याने पाहिले, म्हणजे आपण पाहिले, असा तो हिशेब होता. आठशे अकरा पायऱ्या हे असे चालायचे. बाईसाहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगत, की या डोलीत चहाचा पेला हातात धरला तरी थेंब सांडत नाही. लोक माझी पाठ थोपटत. मला तेव्हा वाटे, ही सगळी माझीच करामत.

अशी सहा वर्षे गेली. त्या काळात धाकट्याचे लग्न झाले, त्याला मुलगी झाली. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर तो तिला पहिल्या विसाव्यापर्यंत खांद्यावर घेऊन यायचा आणि तिथून तिच्या आईबरोबर परत पाठवायचा. बडबड्या तिला म्हणायचा, "बापाला खांद्यावरून उतरू देऊ नकोस हं. फुकट डोली आहे तुझी." ती बापाचे दोन्ही कान घट्ट धरून बसायची.

मग तो दिवस आला. थंडीचे दिवस होते. सकाळी धुके उतरले होते आणि पायऱ्यांवरचे शेवाळ ओले होते. बाईसाहेब गावातून परत निघाल्या होत्या. पुढे मुकादम, त्याच्यामागे एक तरुण साहेब, मग मी, आणि शेवटी सामान घेतलेला एक हमाल. सहावा विसावा मागे पडला. तिथल्या एका पायरीचा दगड आदल्या पावसापासून हलत होता. डोलीवाल्यांनी मुकादमाला ते दोनदा सांगितले होते. मुकादम दोन्ही वेळा 'बघू' म्हणाला होता.

थोरल्याने हाक दिली, "दगड..."

'पाहिला' हे उत्तर येण्याआधीच त्याचा पाय घसरला. माझी पुढची डावी बाजू एकदम खाली गेली आणि मी बाईसाहेबांसकट दरीकडे कलले. लंबूने उजवी दांडी ओढून धरली, बडबड्या कातळाला चिकटला, पण मी घसरतच होते. त्या वेळी धाकट्याला बाजूला उडी मारता आली असती. दांडी सोडून द्यायची, एवढेच. त्याने दांडी सोडली नाही. तो खाली बसला आणि कडेचा दगड व माझा मागचा पाय यांच्या मध्ये त्याने आपला पाय घातला. माझे आणि बाईसाहेबांचे सगळे वजन त्याच्या नडगीवर आले. मी थांबले.

माझ्या लाकडाला तो आवाज अजून आठवतो. तो लाकडाचा आवाज नव्हता.

तिघांनी मला उचलून सरळ केले. बाईसाहेब किंचाळत होत्या, पण त्यांना खरचटलेसुद्धा नव्हते. धाकटा कडेला पडला होता. गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि रक्त पायरीवरून खालच्या पायरीवर उतरत होते. तो एवढेच म्हणाला, "दादा, पाय."

थोरल्याने डोक्याचे मुंडासे सोडून ते पायाला आवळून बांधले. मग तो मुकादमाकडे वळला. "डोली रिकामी करा. याला दवाखान्यात नेतो. अर्ध्या तासात पोचतो खाली."

मुकादम म्हणाला, "वेड लागलं का तुला? बाईसाहेबांना काय वाटेत उभं करू?"

"तीन विसावे राहिलेत फक्त. चालत जातील हळूहळू. हे साहेब आहेत की सोबत."

"आधी बाईसाहेब वर. मग तुझा भाऊ."

"रक्त थांबत नाहीये, मुकादम."

मित्रांनो, पुढे जे घडले ते फक्त मला ठाऊक आहे. बाईसाहेबांना भाषा फारशी येत नव्हती, पण समोर काय चालले आहे ते समजायला भाषा लागत नव्हती. त्यांनी माझ्या हातांवर तळवे टेकले. त्यांचे वजन माझ्या वेतावरून उठले. त्या उठत होत्या. तेवढ्यात तरुण साहेब त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. दोनच शब्द असतील. आणि ते वजन परत माझ्यावर बसले.

मी लाकूड. मला पाय आहेत, पण चालता येत नाही. तोंड तर नाहीच. त्या क्षणी मला मोडता आले असते, तर मी मोडले असते.

थोरला हटून बसला. "मी भावाला टाकून येणार नाही."

मुकादम म्हणाला, "मग उद्यापासून कुणीच येऊ नका. चौघंही. घरी चुली विझवून बसा."

तेव्हा धाकटाच म्हणाला, "जा दादा. लवकर जा आणि लवकर ये. मी कुठं जातोय?"

हमालाने सामान कडेला ठेवले आणि धाकट्याच्या जागी खांदा दिला. वरून सरपणाची मोळी घेऊन एक बाई उतरत होती. तिने मोळी टाकली आणि धाकट्याचे डोके मांडीवर घेतले. निघताना मागे मला तेवढेच दिसले.

ते तीन विसावे आम्ही जितक्या वेगाने चढलो, तितक्या वेगाने त्याआधी आणि त्यानंतर कधीच चढलो नाही. थोरल्याने वाटेत एकही हाक दिली नाही. बडबड्याचे तोंड बंद होते. वरच्या दारात बाईसाहेब उतरल्या आणि कोणाकडेही न पाहता आत गेल्या. थोरल्याने लगेच माझी दांडी उचलली आणि मला फिरवले.

"थांब," मुकादम म्हणाला. "डोली साहेबांच्या परवानगीशिवाय खाली जात नसते."

"मग परवानगी घ्या."

"साहेब जेवायला बसलेत."

थोरल्याने मला खाली ठेवले. इतके सावकाश, इतके सांभाळून ठेवले, की मला त्याचे आजही नवल वाटते. आणि तो तसाच पायऱ्यांवरून धावत सुटला. लंबू आणि बडबड्या त्याच्यामागे धावले.

मी तिथेच ओसरीवर राहिले. दिवसभर रिकामी. साहेबांचे जेवण झाले, दुपारची झोप झाली. मला कोणी विचारले नाही. संध्याकाळी लंबू वाटेत राहिलेले सामान पोहोचवायला वर आला, तेव्हा तो दाराशी उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला सांगत होता. त्यांनी त्या बाईच्या मोळीतल्या दोन काठ्यांना चादर बांधून धाकट्याला खाली नेले होते. चादर फाटू नये म्हणून हळू चालावे लागले. दवाखान्याची पायरी दिसू लागली तेव्हा तो थोरल्याला म्हणाला, "दादा, हाक का देत नाहीस?" थोरल्याने हाक दिली, "पायरी उंच!" त्याला उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने मला उलटेसुलटे करून तपासले. कुठे तडा नव्हता. त्याने आत जाऊन तसे सांगितले.

बाईसाहेब आठवड्याने माझ्यापाशी आल्या. बाहेर जायला तयार होऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. पण बसल्या नाहीत. त्या दिवशी त्या आठशे अकरा पायऱ्या चालत उतरल्या आणि चालत चढल्या. पुढेही त्या चालतच गेल्या. परत येत तेव्हा पाय सुजलेले असत, तोंड लालभडक झालेले असे. त्याच वर्षी त्या बोटीने आपल्या देशी गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. त्या उठल्या होत्या, हे मला माहीत आहे. पण उठून परत बसण्याने काय होते, हेही मला माहीत आहे.

तुम्ही विचाराल, थोरल्याने काम सोडले असेल ना? नाही. त्याच्या घरात आता दोन घरची माणसे जेवायची होती. भावाची बायको, भावाची मुलगी. पाहुण्यांसाठी डोली चालूच होती, आणि तो पंधरा दिवसांनी कामावर आला. धाकट्याच्या जागी नवा माणूस घेतला होता. थोरला त्याला म्हणाला, "तू पुढं जा. मागची डावी बाजू माझी."

आता सुताराने तिथे ठोकळा बसवला होता, तो बुटक्या माणसासाठी. थोरला वीतभर उंच. त्या ठोकळ्याखाली खांदा द्यायचा तर त्याला कमरेत वाकावे लागे. लंबू म्हणाला, "अरे, तो ठोकळा काढून टाकू. सुताराला सांगतो."

थोरला म्हणाला, "हात लावू नका त्याला."

आठ वर्षे तो तसा वाकून चालला. दरीच्या बाजूला, मागे. पुढून नवा माणूस हाक द्यायचा आणि थोरला म्हणायचा, "पाहिली." आठ वर्षांनी त्याने काम सोडले, तेव्हा खांद्यावर डोली नसतानाही त्याची पाठ सरळ होत नव्हती.

त्यानंतर काळ भराभर बदलला. परक्यांचे राज्य गेले. एका सकाळी किल्ल्यावरचा झेंडा उतरला, गावातले लोक पहिल्यांदाच मोठ्या दरवाजातून आत आले आणि आनंदाने नाचले. नंतर किल्ल्यात कोणालाच काही काम उरले नाही. मला एका कोठडीत तुटक्या खाटांवर टाकून दिले होते. छप्पर गळायचे. वेत कुजून लोंबला. उंदरांनी गाद्यांतला कापूस काढून नेला आणि माझ्या बैठकीखाली पिल्ले घातली. खरे सांगू? मला त्यांचा राग आला नाही. निदान कोणीतरी ऊब घेत होते.

पुष्कळ वर्षांनी टेकडीच्या मागच्या बाजूने वरपर्यंत रस्ता झाला, बस येऊ लागली आणि किल्ल्याचे संग्रहालय करायचे ठरले. शहरातून जुन्या वस्तू दुरुस्त करणारे लोक आले. त्यांनी मला काळजीने पुसले, वाळवीचे औषध लावले, नवा वेत विणला. चामड्याच्या गाद्या घामाने काळ्याकुट्ट झाल्या होत्या. त्यांतल्या एकाने त्या नाकाशी नेल्या, तोंड वाकडे केले आणि कचऱ्यात टाकल्या. त्यांच्या जागी लाल मखमल लावली. मला पुन्हा सगळे सुंदर म्हणू लागले.

आता शाळांच्या सहली येतात. मागे एका लहान मुलीने माझ्याभोवती वाकून वाकून पाहिले आणि विचारले, "सर, हिची चाकं कुठंयत?"

सर हसले. "चाकं नसतात. माणसं उचलायची."

"कुठली माणसं?"

"असतील कुणीतरी. चला, चला, पुढे तोफा बघायच्यात."

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले असते, तर मी तिला तोफांपर्यंत जाऊच दिले नसते.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका दुपारी खोलीत गर्दी नव्हती. दाराशी बसणारे पहारेकरी, त्यांना सगळे मामा म्हणतात, पेंगत होते. तेव्हा एक आजी आत आल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. सोबत त्यांची लेक होती, ती शिवणकाम करते हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळले. आजी सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. लेकीने पाटी वाचून दाखवली. आजी म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच लिहिलंय, आई."

आजींनी दोरी वर केली आणि खालून वाकून आत आल्या. मामा दचकून उठले. "अहो आजी, हात नाही लावायचा वस्तूंना!"

"माझा बाप मेला हिच्यापायी," आजी म्हणाल्या. "हात तर लावणारच."

मामा जागच्या जागी थबकले. मी आजींच्या तोंडाकडे पाहिले आणि कान धरून बसलेली ती तीन वर्षांची पोर मला ओळखू आली.

आजींनी विचारले, "कुठल्या बाजूला असायचे ते? काकांनी सांगितलं होतं गं, पण विसरले मी."

लेकीला माहीत नव्हते. मामांना माहीत नव्हते. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होते.

आजींनी माझ्या पुढच्या उजव्या टोकावर हात ठेवला. तिथून पुढच्या डाव्या टोकाशी आल्या. मग मागच्या उजव्या. शेवटी मागच्या डाव्या टोकाशी. चारही ठिकाणी त्यांनी सारखाच वेळ हात ठेवला. लेकीला म्हणाल्या, "चारांतली एक तर त्यांची असेलच ना."

गडबड ऐकून संग्रहालयाची नोंदणी बघणाऱ्या मॅडम आल्या. त्या तरुण आहेत आणि शांत आहेत. आजींचे ऐकून घेतल्यावर त्या आत गेल्या आणि किल्ल्याची एक जुनी नोंदवही घेऊन आल्या. पुष्कळ पाने उलटल्यावर त्यांना ती तारीख सापडली. त्यांनी ते मनातल्या मनात वाचले.

"वाचा की," आजी म्हणाल्या.

मॅडमनी वाचले, "डोलीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात. बाईसाहेब सुखरूप. डोलीचे नुकसान नाही."

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही, आजी."

"माणसाचं काय झालं, ते नाही?"

मॅडमनी मान हलवली.

आजींचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "माझे काका जाताना माझा हात धरून म्हणाले, पोरी, पाय माझा घसरला होता. तुझ्या बापानं दांडी सोडली असती तर तो वाचला असता. नाही सोडली त्यानं. मला सांगा, निष्काळजी माणूस आपला पाय घालतो का खाली? काका जन्मभर वाकून चालले हो. आम्हाला वाटायचं, वयानं वाकलेत."

लेक म्हणाली, "मॅडम, पाटीवर एक ओळ लिहा ना. फार नको. एकच."

"कागदावर जे असेल तेच लिहिता येतं हो," मॅडम म्हणाल्या. "आणि कागदावर हे आहे." मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मामा, खुर्ची आणा."

मामांनी स्वतःची खुर्ची आणली. आजी बसल्या. मॅडम माझ्यासमोरच जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि कोरा कागद गुडघ्यावर घेतला. "आता पहिल्यापासून सांगा. हळू सांगा."

आजी तासभर बोलल्या. मधूनच थांबत, चुकलेले दुरुस्त करत. जे माहीत नव्हते ते 'माहीत नाही' म्हणून सांगत. मॅडमनी सगळे लिहून घेतले, वर तारीख घातली आणि खाली आजींना सही करायला सांगितली. आजींचा हात थरथरत होता. एकेक अक्षर काढायला त्यांना फार वेळ लागला.

मॅडम म्हणाल्या, "झाला कागद, आजी."

तो कागद मंजुरीसाठी मुख्य कचेरीत गेला. तो अजून तिथेच आहे. परवा आजींची लेक एकटीच आली होती. तिने माझ्यासमोरची पाटी पाहिली, ती तशीच होती. मॅडम ओशाळून म्हणाल्या, "मी पाठपुरावा करतेय. पत्रं पाठवलीत तीन."

लेक म्हणाली, "करत राहा. घाई आईला होती, मला नाही." मग म्हणाली, "आई गेली थंडीत."

मामांनी दोरी वर धरली. ती आत आली, आणि आईने ठेवला होता तसा चारही टोकांना हात लावून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू सहसा शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला तुम्ही पुष्कळ जपले आहे. दर महिन्याला मला तेल मिळते, वाळवी लागू नये म्हणून औषध मिळते. माझी काळजी सोडा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, एखादे म्हातारे माणूस असेल. ते तेच तेच सांगते म्हणून तुम्ही कंटाळून उठून जात असाल. आज जाऊ नका. वही घेऊन त्यांच्यासमोर बसा. कोणी काय केले, कोण कुठे पडले, कोणी कोणासाठी दांडी सोडली नाही, ते विचारा आणि उतरवून घ्या. त्यांना आठवले नाही, तर तसेच लिहा. वर तारीख घाला. आणि खाली त्यांची सही घ्या. हात थरथरेल, अक्षर निघायला वेळ लागेल. थांबा.